पेट्रोलच्या टाकीवरचे नाव : कावासाकी हेवी इंडस्ट्रीज

धागाकर्ता : जुनी गोदी

आपल्याकडे 'कावासाकी' हा शब्द बहुतेकांना ठाऊक झाला तो पेट्रोलच्या टाकीवर वाचून. १९८४ मध्ये बजाज ऑटोने या कंपनीशी तांत्रिक करार केला, १९८६ मध्ये केबी-१०० रस्त्यावर आली आणि पुढची तीस वर्षे 'कावासाकी बजाज' हे जोडनाव 'किर्लोस्कर कमिन्स'सारखे आपल्या जिभेवर बसले. त्यामुळे ही मुळात मोटारसायकलची कंपनी असावी असा समज पसरला तर नवल नाही. प्रत्यक्षात मोटारसायकल हे या घराण्यातले उशिरा झालेले अपत्य आहे. कंपनीचे मूळ १८७८ मधले आणि तिच्या स्वतःच्या नावाने मोटारसायकली निघू लागल्या १९६० च्या सुमारास. मधल्या ऐंशी वर्षांत तिने जहाजे, आगगाडीची इंजिने, पाणबुड्या, लढाऊ विमाने आणि पोलाद असे बरेच काही घडवले. मला लिहायचे आहे ते मुख्यतः त्या ऐंशी वर्षांबद्दल.

प्रथम एक खुलासा. तोक्यो आणि योकोहामा यांच्या मधे कावासाकी नावाचे मोठे औद्योगिक शहर आहे, त्याचा या कंपनीशी नावापुरताही संबंध नाही. लहान मुलांना होणारा कावासाकी आजारही वेगळा. तो तोमिसाकू कावासाकी या बालरोगतज्ज्ञांच्या नावाने ओळखला जातो. कंपनीचे नाव पडले ते संस्थापकाच्या आडनावावरून. जपानीत 'कावा' म्हणजे नदी आणि 'साकी' म्हणजे भूशिर. नदीसाठी जी चित्रलिपी आहे तिच्यात तीन उभ्या रेघा असतात, आणि त्या रेघांवरूनच कंपनीच्या जहाजांच्या निशाणावरचे जुने चिन्ह तयार झाले. तेच चिन्ह कंपनीने २०२१ मध्ये आपली मुख्य ओळख म्हणून पुन्हा वर काढले. हल्लीच्या काही निंजा मोटारसायकलींच्या तोंडावर ते दिसते. अनेकांना तो फक्त नक्षीचा भाग वाटतो.

संस्थापक कावासाकी शोझो हे दक्षिणेकडच्या कागोशिमाचे, किमोनोच्या कापडाचा व्यापार करणाऱ्या घरातले. सतराव्या वर्षी ते नागासाकीला व्यापार शिकायला गेले. सत्ताविसाव्या वर्षी ओसाकात त्यांनी जहाजवाहतुकीचा धंदा काढला आणि वादळात मालवाहू जहाज बुडाल्यामुळे तो धंदाही बुडाला. पुढे साखरेच्या व्यापारात आणि आगबोटींच्या कंपनीत नोकरी करताना समुद्रावरचे आणखी काही अपघात त्यांच्या वाट्याला आले, आणि जपानी बांधणीच्या जहाजांपेक्षा पाश्चात्त्य बांधणीची जहाजे अधिक भरवशाची असतात हे त्यांच्या मनावर कोरले गेले. १८७८ मध्ये तोक्योतील त्सुकिजी येथे, सुमिदा नदीच्या काठी, सरकारकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीवर त्यांनी गोदी काढली ती या अनुभवाच्या पोटी. ज्याचे जहाज बुडाले त्याने विम्याकडे न वळता जहाजबांधणीकडे वळावे, हे मला विशेष वाटते.

१८८६ मध्ये सरकारने कोबे येथील ह्योगो गोदी खासगी हाती द्यायचे ठरवले तेव्हा ती शोझोंना मिळाली, त्सुकिजीचा कारभार तिकडे हलला आणि 'कावासाकी गोदी' कोबेची झाली. चीन-जपान युद्धानंतर जहाजांच्या दुरुस्तीची कामे इतकी वाढली की एकट्याच्या भांडवलावर ती पेलेनात. शोझोंचे वयही साठीकडे झुकले होते. १५ ऑक्टोबर १८९६ रोजी गोदीची भागभांडवली कंपनी झाली आणि अध्यक्षपदी आले मात्सुकाता कोजिरो. जपानचे पंतप्रधानपद भूषवलेल्या मात्सुकाता मासायोशींचे हे तिसरे चिरंजीव. वय तिशीच्या आतबाहेर. वडिलांच्या पुण्याईवर आलेला गादीवरचा माणूस, असे कुणी म्हटले असते तर चुकीचे ठरले नसते. पण या गृहस्थांनी ती गादी बत्तीस वर्षे सांभाळली आणि कंपनीला जितके वर नेले तितकेच खालीही आणले.

त्यांची पहिली मोठी परीक्षा म्हणजे कोबेची सुकी गोदी. नदीच्या मुखाजवळची ती जमीन गाळाची होती. खणावे तितके पाणी आणि चिखल आत येई. काम १८९६ मध्ये सुरू झाले ते १९०२ मध्ये संपले. हजारो खुंट ठोकून आणि पाण्याखाली काँक्रीट ओतून तिचा तळ तयार करावा लागला. १९०६ मध्ये शेजारीच आगगाडीच्या डब्यांचा आणि इंजिनांचा कारखाना निघाला. त्याच वर्षी याच गोदीतून जपानमध्ये बांधलेल्या पहिल्या पाणबुड्या बाहेर पडल्या. इथेच बांधून १९१५ मध्ये पूर्ण झालेली 'हारुना' आणि मित्सुबिशीने नागासाकीत बांधलेली 'किरिशिमा' या जपानच्या खासगी गोद्यांत बांधल्या गेलेल्या पहिल्या मोठ्या युद्धनौका होत.

पुढचा भाग या कंपनीचा स्वभाव समजून घेण्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. जहाज हे शिवून घेतलेल्या कोटासारखे असते. आधी गिऱ्हाईक, मग माप, मग काम. पहिल्या महायुद्धात जहाजांचे भाव आकाशाला भिडले तेव्हा मात्सुकातांनी हा नियम मोडला. एकच ठरावीक नमुना घ्यायचा, गिऱ्हाइकाची वाट न पाहता एकामागून एक जहाजे बांधत सुटायचे आणि बांधून होईपर्यंत वाढलेल्या भावाला ती विकायची. तयार कपड्यांच्या दुकानासारखी ही तयार जहाजे. या घाईत १९१८ मध्ये 'राइफुकु मारू' हे जहाज कणा मांडल्यापासून ३० दिवसांत पूर्ण झाले, आणि तो जगातला विक्रम गणला गेला. (हेच जहाज १९२५ च्या एप्रिलमध्ये गहू घेऊन जाताना कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये बुडाले. पुढे बर्म्युडा त्रिकोणाच्या गूढकथांत त्याला ओढून बसवण्यात आले, तो त्रिकोण तिथून बराच दक्षिणेला असूनही.)

युद्ध थांबले, भाव कोसळले आणि तयार जहाजे धक्क्यावर पडून राहिली. ती चालवायला १९१९ मध्ये वेगळी जहाज कंपनी काढावी लागली; आज 'के लाइन' म्हणून मोटारी वाहून नेणारी जी प्रसिद्ध कंपनी आहे, तिचा जन्म असा न विकलेल्या मालातून झाला. नौदलांना मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारामुळे युद्धनौकांची कामेही आटली. त्यातच १९२७ च्या आर्थिक संकटात कंपनीला पैसा पुरवणारी 'पंधरावी बँक' याच नावाची बँक बंद पडली. त्या बँकेच्या प्रमुखपदी मात्सुकातांचे थोरले बंधूच होते. गोदी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली, हजारो कामगार घरी गेले आणि १९२८ मध्ये मात्सुकाता पायउतार झाले.

माझे म्हणणे असे, की कावासाकीचा सगळा इतिहास हा बसून राहिलेल्या गोदीला आणि बसून राहिलेल्या हातांना काम शोधण्याचा इतिहास आहे. जहाजांची कामे कमी झाली की डबे आणि इंजिने. नौदल आटले की विमाने. १९४५ नंतर विमानांवर बंदी आली तेव्हा आकाशी नावाच्या शहरातल्या कारखान्यात विमानांची इंजिने घडवणाऱ्या माणसांनी दुचाकीची इंजिने हाती घेतली. कंपनीला 'हेवी इंडस्ट्रीज' हे नाव मिळाले १९३९ मध्ये. १९५० मध्ये पोलादाचा विभाग वेगळा झाला. गोदी, रेल्वे आणि विमाने या तीन स्वतंत्र झालेल्या कंपन्या १९६९ मध्ये पुन्हा एका छपराखाली आल्या. त्याच वर्षी अमेरिकी परवान्यावर जपानमध्ये तयार झालेला पहिला औद्योगिक यंत्रमानव याच कंपनीने काढला. मोटारसायकलींची कथा इथल्या अनेकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, म्हणून ती त्यांच्यासाठी सोडतो.

प्रतिसाद : रंगरेषा

लेख माहितीपूर्ण आहे, पण मात्सुकातांचा निम्मा भाग आपण सोडलात. तयार जहाजांच्या विक्रीतून आलेल्या पैशातला मोठा वाटा या गृहस्थांनी लंडन आणि पॅरिसमध्ये चित्रे व शिल्पे विकत घेण्यात घातला. फ्रेंच चित्रकार मोने यांच्या घरी जाऊन त्यांनी थेट त्यांच्याकडून चित्रे घेतली. शिल्पकार रोदाँ यांची शिल्पे घेतली. परदेशात गेलेली सुमारे आठ हजार जपानी लाकूडठसा चित्रे एका फ्रेंच संग्राहकाकडून एकगठ्ठा विकत घेऊन मायदेशी आणली. ती आज तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ज्या जपानी चित्रकारांना परदेशी जाऊन मूळ चित्रे पाहणे परवडत नाही, त्यांच्यासाठी घरीच एक संग्रहालय बांधावे अशी त्यांची इच्छा होती.

१९२७ च्या संकटात जपानमध्ये आलेली चित्रे देणेकऱ्यांनी विकून टाकली. लंडनच्या गुदामात ठेवलेली जवळजवळ नऊशे चित्रे १९३९ च्या आगीत जळाली. पॅरिसमध्ये राहिलेली चित्रे युद्धानंतर फ्रेंच सरकारच्या ताब्यात गेली. त्यांतली सुमारे ३७० फ्रान्सने परत दिली, तीही ती ठेवण्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उभारावे या अटीवर. त्यातून १९५९ मध्ये तोक्योच्या उएनो भागात पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले आणि त्याचा आराखडा केला वास्तुरचनाकार ल कोर्ब्युझिए यांनी. २०१६ मध्ये ही इमारत त्यांच्या कामांच्या ज्या यादीतून जागतिक वारसा ठरली, त्याच यादीत चंदीगडचे राजधानी संकुलही आहे. न विकलेल्या जहाजांतून 'के लाइन' निघाली असे आपण म्हणता. विकलेल्या जहाजांतून काय निघाले तेही नोंदवावे, म्हणून हा प्रतिसाद.

प्रतिसाद : बॉयलरसूट

मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातला निवृत्त फिटर. मोठ्या कारखान्यात नव्हतो. भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये दुचाकींच्या सुट्या भागांचे जॉबवर्क चाले, तिथे माझी उमेदीची वर्षे गेली. जपानी करार झाला म्हणजे नेमके काय झाले, हे आमच्या बाजूने सांगतो.

तोपर्यंत आम्हाला ड्रॉइंग येई आणि त्यावर माप असे. माप थोडे इकडेतिकडे झाले तर जुळणी करणारा माणूस कानशीने घासून भाग बसवून घेई. 'बसतंय ना, मग झालं' हा खाक्या. जपानी तंत्राची कामे येऊ लागली तशी मापाबरोबर गेज येऊ लागले, त्याला एक टोक 'जाईल' आणि दुसरे 'जाणार नाही'. जाणारे टोक गेले नाही तर माल नापास, आणि न जाणारे टोक गेले तरीही नापास. मधे वाद घालायला जागाच नाही. पहिल्या महिन्यात आमचा माल इतका परत आला की मालकांनी वर्कशॉपच्या दारातच बाद मालाचा ढीग लावून ठेवला. रोज येता-जाता तो पाहावा लागे. एकदा मी ग्राइंडर मारून दोनशे नग 'बसते' करून पाठवले. ते सगळे परत आले, कारण घासलेल्या जागी पत्रा पातळ झाला होता. शिफ्ट संपल्यावर थांबवून मला मायक्रोमीटर हातात दिला आणि प्रत्येक नग मोजायला लावला. तेव्हा राग आला होता.

मोटारसायकलींचा तपशील थोडक्यात देतो. केबी-१०० ही टू-स्ट्रोक गाडी होती आणि तिची गाठ इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स आणि हिरो होंडा यांच्याशी होती. पुढे फोर-स्ट्रोकचा जमाना आला तेव्हा फोर-एस चॅम्पियन, मग बॉक्सर आणि कॅलिबर आल्या. आमच्या भागात बॉक्सर म्हणजे दूधवाल्याची गाडी. दोन्ही बाजूंना कॅन लावून ती वर्षानुवर्षे चालत असे. २००१ मध्ये पल्सर आली ती बजाजची स्वतःची, आणि तिथून गाडी उलट्या दिशेने धावू लागली. फिलिपिन्समध्ये बजाजने बनवलेल्या गाड्या कावासाकीच्या नावाने आणि दुकानांतून विकल्या गेल्या. २०१७ च्या एप्रिलपासून भारतातली एकत्र विक्री थांबली आणि आता कावासाकीचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे.

प्रतिसाद : रूळ

बॉयलरसूट काका, आपल्या दोनशे नगांची गोष्ट वाचून मला शिंकानसेनचा, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनचा, एक प्रसंग आठवला. तो इथे सांगणे भाग आहे, कारण तो याच कंपनीचा आहे.

११ डिसेंबर २०१७ रोजी हाकाताहून तोक्योकडे निघालेल्या नोझोमी ३४ या गाडीत, प्रवास सुरू झाल्यावर थोड्याच वेळात, कर्मचाऱ्यांना जळका वास येऊ लागला. पुढे वेगळा आवाजही येऊ लागला. ओकायामाला तपासणारे तंत्रज्ञ गाडीत चढले. पुढच्या मोठ्या स्थानकात गाडी थांबवून खालून पाहावे काय, असे त्यांच्यापैकी एकाने दूरध्वनीवर सुचवले. पण नियंत्रण कक्षातील माणूस नेमका त्याच क्षणी रिसीव्हर कानापासून दूर करून वरिष्ठांशी बोलत होता आणि ते वाक्य त्याने ऐकलेच नाही. दोन्ही बाजूंना वाटले की निर्णय दुसऱ्याने घेतला आहे. गाडी हजारावर प्रवाशांना घेऊन शिन-ओसाका ओलांडून पुढे गेली आणि अखेर नागोयाला थांबवण्यात आली. तिथे खाली वाकून पाहिले तेव्हा बोगीच्या (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) लोखंडी चौकटीची बाजूची तुळई तडकलेली दिसली. तुळईचा तळ पूर्ण फाटला होता आणि भेग बाजूच्या पत्र्यात सुमारे १४ सेंटिमीटर वर चढली होती. चौकट तुटायला अवघे ३ सेंटिमीटर उरले होते.

ही बोगी कावासाकीच्या कारखान्यातून दहा वर्षांपूर्वी बाहेर पडली होती. तपासात निघालेले कारण ऐकून आमच्या रेल्वेप्रेमी मंडळींनी कपाळाला हात लावला. तुळईचा पत्रा वाकवताना तळ सपाट राहिला नव्हता, त्यामुळे त्याखाली जोडायचा भाग नीट टेकत नव्हता. मग कामगारांनी तळ घासून सपाट केला. घासून झाल्यावरही पत्रा निदान ७ मिलिमीटर उरला पाहिजे असे ठरलेले असताना तो काही ठिकाणी ४.७ मिलिमीटर इतकाच उरला. घासायचे नाही ही सूचना त्या चमूपर्यंत पोचलीच नव्हती. कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये हे मान्य केले, आणि अशा पातळ झालेल्या बोग्यांची संख्या जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीकडे १०० व जेआर सेंट्रल या दुसऱ्या कंपनीकडे ४६ इतकी निघाली.

मुद्दा असा की १९६४ च्या पहिल्या शिंकानसेनपासून या गाड्या बांधणाऱ्यांत कावासाकीचे नाव आहे, आणि मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी ज्या ई-५ गाडीचे नाव सुरुवातीपासून घेतले गेले तिच्या निर्मात्यांतही ही कंपनी आहे. म्हणून जपानी म्हणजे डोळे मिटून विश्वास, हे मला पटत नाही.

दुसरा प्रसंग चीनचा. २००४ च्या करारानुसार कावासाकीच्या पुढाकाराने चीनला ६० गाड्यांचे तंत्र दिले गेले. त्यांतल्या पहिल्या तीन जपानहून पूर्ण तयार होऊन गेल्या, सहा सुट्या भागांत गेल्या आणि बाकीच्या ५१ चीनमध्येच बांधल्या गेल्या. काही वर्षांत चीनने हे तंत्र आपण पचवून पुढे नेले आहे असे सांगत परदेशी बाजारात उभे राहायला सुरुवात केली. कावासाकीने जाहीर नाराजी व्यक्त केली, पण दूध सांडून गेले होते. बजाजने करारातून शिकून स्वतःची गाडी काढली तिला आपण कर्तृत्व म्हणतो; चीनने तेच केले तेव्हा जपान्यांनी त्याला वेगळे नाव दिले. दोन्हींत करारातील अटींचा फरक होता हे मला मान्य आहे, तरीही या तुलनेवर इथल्या जाणत्यांनी बोलावे.

प्रतिसाद : तळटीप

मूळ लेखात कामगार जवळजवळ नाहीतच. 'हजारो कामगार घरी गेले' एवढ्या अर्ध्या वाक्यात ते आटोपले. १९३९ ते १९४५ या काळाबद्दलही एखादे वाक्यच आहे. नाव 'हेवी इंडस्ट्रीज' झाले ते युद्धाच्या तयारीच्या काळात, हा योगायोग नसावा.

प्रतिसाद : जुनी गोदी

तळटीप यांचा आक्षेप योग्य आहे आणि मी तो मान्य करतो.

१९१९ च्या सप्टेंबरात कोबेच्या गोदीतील सुमारे सोळा हजार कामगारांनी पगारवाढीसाठी एक वेगळा मार्ग धरला. संपाला कायद्याचा धाक होता, म्हणून ते रोज कामावर आले, हजेरी लावली, यंत्रांसमोर उभे राहिले आणि काम मात्र केले नाही. दहा दिवसांनी मात्सुकातांनी दहा तासांच्या पगारात आठ तासांचा दिवस मान्य केला. जपानमधील आठ तासांच्या कामाची सुरुवात म्हणून या घटनेचे स्मारक आज कोबेच्या बंदरभागात आहे. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून 'साबोताज' (मुद्दाम काम अडवणे) हा फ्रेंच शब्द घरोघरी पोचला, आणि आजही जपानी मुले शाळेला दांडी मारतात तेव्हा त्यावरूनच बनलेले 'साबोरु' हे क्रियापद वापरतात. १९२१ मध्ये मात्र कावासाकी आणि मित्सुबिशी या दोन्ही गोद्यांतील तीस हजारांहून अधिक कामगारांचा संप मोडून काढला गेला. त्याचे नेतृत्व करणाऱ्यांत समाजसेवक कागावा तोयोहिको होते.

युद्धकाळाविषयी. लष्करासाठी कंपनीने 'हिएन' हे लढाऊ विमान बनवले, त्याचे इंजिन जर्मन डाइमलर-बेंझच्या परवान्यावर तयार केलेले होते. जर्मनांच्या कारखान्यात जमणारी बारीक मापे जपानमध्ये माणसांच्या आणि धातूंच्या तुटवड्यात जमेनात. इंजिनांअभावी विमानांचे सांगाडे कारखान्याबाहेर रांगेने उभे राहिले, आणि शेवटी त्यांतल्या काहींना दुसऱ्याच प्रकारचे इंजिन बसवावे लागले. कोबेच्या गोदीत युद्धकैद्यांकडून काम करून घेतले गेले, त्यांत ऑस्ट्रेलियन कैदीही होते. हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते. 'बसून राहिलेल्या हातांना काम' असे मी मोठ्या कौतुकाने लिहिले; ते हात कधी आपखुशीचे नव्हते, हे त्या वाक्यात मावले नाही.

रूळ यांच्या तुलनेबद्दल माझे मत असे, की बजाज आणि कावासाकी यांचा व्यवहार दोन्ही बाजूंना फायद्याचा राहिला तोवर टिकला, आणि बजाजच्या गाड्या कावासाकीने परदेशी विकल्या यावरून तो कडू झाला नव्हता असे दिसते. चीनच्या बाबतीत विकत घेणारा पुढे प्रतिस्पर्धी होणार हे सहीच्या दिवशीच दिसत होते. कारखान्यात काम हवे म्हणून सही झाली, असे मला वाटते. पुन्हा तोच स्वभाव.

प्रतिसाद : कोबेवासी

मी गेली बारा वर्षे कोबेत राहतो. हार्बरलँडच्या धक्क्यावर संध्याकाळी फिरायला गेले की पाण्यापलीकडे कावासाकीची गोदी समोरच असते. कधीकधी दुरुस्तीला आलेल्या पाणबुडीची काळी पाठ पाण्यावर दिसते; लहान मुले देवमासा आला म्हणून बोट दाखवतात. जपानच्या नौदलासाठी पाणबुड्या बांधणाऱ्या कंपन्या दोनच, कावासाकी आणि मित्सुबिशी; दोघींच्या गोद्या याच शहरात, आणि कामे आळीपाळीने मिळतात. गिऱ्हाईक एक आणि विक्रेते दोन, तेही ठरलेल्या पाळीने, अशा बाजारात काय होते ते २०२४ मध्ये बाहेर आले. उपकंत्राटदारांशी खोटे व्यवहार दाखवून सहा वर्षांत सुमारे १७० कोटी येन बाजूला काढले गेले, आणि त्यातून पाणबुडीवरच्या माणसांना वस्तू पुरवल्या गेल्या. त्याच वर्षी जहाजांच्या इंजिनांच्या इंधनखर्चाच्या चाचण्यांतील आकडे बदलल्याचेही कंपनीने कबूल केले. तपासलेल्या ६७४ इंजिनांपैकी ६७३ मध्ये हा प्रकार झाला होता. त्या एका उरलेल्या इंजिनाबद्दल इथे बरेच विनोद झाले.

आता दुसरी बाजू. याच गोदीत बांधलेले 'सुइसो फ्रंटियर' हे जगातील पहिले द्रवरूप हायड्रोजन वाहून नेणारे जहाज. हायड्रोजन द्रव राहण्यासाठी उणे २५३ अंश सेल्सिअस लागतात आणि द्रव झाला की त्याचे आकारमान आठशेपटीने कमी होते. तो ठेवायची टाकी म्हणजे थर्मासच समजा, दोन भिंती आणि मधे निर्वात पोकळी. २०२२ च्या जानेवारीत हे जहाज ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात पोचले आणि तिथल्या तपकिरी कोळशापासून काढलेला हायड्रोजन घेऊन फेब्रुवारीत कोबेला परतले. टाकी फक्त १,२५० घनमीटरची, म्हणजे हा निव्वळ प्रयोग होता. कोळशापासून काढलेल्या हायड्रोजनला स्वच्छ म्हणायचे काय, यावर ऑस्ट्रेलियात मोठा वाद झाला. पुढच्या मोठ्या टप्प्यासाठी जपानमध्ये जी जागा निवडली गेली ती कावासाकी शहरातील ओगिशिमा, तीही जेएफई या पोलाद कंपनीच्या बंद झालेल्या भट्टीच्या आवारात. १९५० मध्ये वेगळा झालेला कावासाकीचा पोलाद विभाग पुढे ज्या कंपनीत विलीन झाला, ती हीच. ज्या शहराशी नावापुरताही संबंध नव्हता, तिथे अखेर सोयरीक जमली.

प्रतिसाद : हिशेबनीस

एक साधा प्रश्न. जहाज, पाणबुडी, बोगी, विमानाचा सांगाडा, यंत्रमानव, मोटारसायकल, हे सगळे एकाच कंपनीने का करावे? भागधारकाच्या नजरेने हे कडबोळे आहे. प्रत्येक धंदा वेगळा केला तर किंमत जास्त येईल असे बाजार सांगतो.

प्रतिसाद : जुनी गोदी

हिशेबनीस, अर्धे उत्तर कंपनीनेच दिले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मोटारसायकल आणि रेल्वे हे दोन्ही विभाग वेगळ्या उपकंपन्या झाले. मालकी मात्र मूळ कंपनीकडेच राहिली. उरलेले अर्धे उत्तर असे. पाणबुडीचे काम वर्षानुवर्षे चालते, बोइंग ७८७ च्या पुढच्या सांगाड्याचा भाग नागोयाजवळ तयार होतो त्याची गती बोइंगच्या गरजेवर ठरते, रेल्वेचे कंत्राट एकदा तोट्यात गेले की दहा वर्षे पुरते. या सगळ्यांचे गिऱ्हाईक म्हणजे सरकार किंवा एखादी अजस्र कंपनी. मोटारसायकल एवढीच अशी वस्तू आहे की जिचा निर्णय दुकानात उभा राहिलेला एक माणूस अर्ध्या तासात घेतो. १९७२ ची झेड-वन ही ९०३ सीसीची गाडी अमेरिकी तरुणांना डोळ्यांसमोर ठेवून बांधली होती आणि गुप्ततेसाठी तिचे टोपणनाव होते 'न्यूयॉर्क स्टेक'. तिच्या जोरावर नेब्रास्कातील लिंकन येथे १९७५ मध्ये अमेरिकेतला कारखाना सुरू झाला, आणि पुढे त्याच आवारात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे बांधले जाऊ लागले. मोटारसायकलीने रेल्वेला जागा करून दिली, हे जपानमधल्या क्रमाच्या नेमके उलट झाले.

आणि एक धंदा आपल्या यादीतून सुटला, जो मला सर्वांत पक्का वाटतो. पोकलेनचा हात उचलणारे, वळवणारे आणि दात जमिनीत रुतवणारे बळ तेलाच्या दाबातून येते, आणि तो दाब देणारे पंप बनवण्यात कावासाकी जगात आघाडीवर आहे. यंत्र कुठल्याही कंपनीच्या रंगाचे असो, आतला पंप कोबेजवळच्या कारखान्याच्या घराण्यातला असण्याची शक्यता चांगली असते. भारतातही बंगळुरूला विप्रोबरोबर या पंपांचा कारखाना आहे.

प्रतिसाद : बॉयलरसूट

जुनी गोदी यांचा पंपाचा मुद्दा परवा वाचला आणि स्वस्थ बसवेना. आमच्या सोसायटीमागे पाइपलाइनसाठी खोदकाम चालू आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पोकलेनच्या चालकाला विनंती केली. तो बीड जिल्ह्यातला तरुण, आधी हसला, मग म्हणाला, "काका, इंजिन गरम आहे, हात जपून घाला." मागचे झाकण उघडले. इंजिनाच्या टोकाला जोडलेला तो जाडजूड पंप तेल आणि धुळीच्या थराखाली गेला होता. त्याने खिशातल्या फडक्याने अंगावरची पट्टी पुसली, तेव्हा आधी क्रमांक दिसला आणि मग नाव. मी त्याला विचारले, हे नाव कुठे पाहिले आहेस काय. तो म्हणाला, "वडिलांच्या बॉक्सरवर होतं की."